थंड इंजिन पहिली दोन मिनिटं मिस मारतं आणि मग आपोआप ठीक होतं: जुनं किट विमान घेतलेल्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठी

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते लगेच कळेल. रात्रभर उभं असलेलं विमान, सकाळचा पहिला स्टार्ट, इंजिन लगेच पकडतं पण चारातला एक सिलेंडर झोपलेलाच असतो, अख्खं विमान थडथडतं, पॅनल इतकं हलतं की आकडे धड वाचता येत नाहीत, आणि मग दीड-दोन मिनिटांनी एकदम काहीतरी सुटल्यासारखं होतं आणि इंजिन स्मूथ चालायला लागतं. त्यानंतर दिवसभर काही नाही, चार वेळा बंद-चालू करा, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच, नाहीतर आठवडाभर सगळं छान आणि मग एक दिवस परत.

हवेवर थंड होणारं, आडव्या चार सिलेंडरचं इंजिन असेल आणि असं होत असेल तर बहुतेक वेळा तो अडकणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप, असतो. पायलट लोक याला मॉर्निंग सिकनेस म्हणतात. आपोआप ठीक होतं म्हणून लोक सोडून देतात, आणि हेच सगळ्यात धोक्याचं आहे, कारण आज दोन मिनिटांत सुटणारा व्हॉल्व्ह उद्या सुटेलच याची काही खात्री नाही.

मी घेतलेलं विमान दोन सीटचं, किटवरून घरी बांधलेलं, १६० हॉर्सपॉवरचं इंजिन, बांधून २३ वर्षं झालेली आणि लॉगबुकात एकूण ६१० तास. मला वाटलं कमी तास म्हणजे इंजिन अजून तरुण. घ्यायच्या आधी मेकॅनिक घेऊन गेलो, कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते, काढलं तर ८० पैकी ७६, ७८, ७७, ७६, म्हणजे बोट ठेवायला जागा नाही. ऑइल सोनेरी स्वच्छ. चाचणी उड्डाण झालं, सगळं ठीक. एकच गोष्ट तेव्हा लक्षात यायला हवी होती, आम्ही हँगरमध्ये पोचलो तेव्हा मी सहज काउलिंगवर, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणावर, हात ठेवला तर ते कोमट होतं. विकणारे म्हणाले तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवलं, तेवढाच तुमचा वेळ वाचेल. त्यांच्या मनात वाईट काही असेल असं मी म्हणत नाही, पण त्या कोमट काउलिंगमुळे इंजिनाची खरी तब्येत जिथे दिसते ती पहिली दोन मिनिटं मला बघायला मिळालीच नाहीत. आणि कम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनावरच करतात, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह मोकळा होतो आणि सीटवर नीट बसतो, त्यामुळे ७६ आला तो आकडा खराच होता, फक्त माझ्या दुखण्याबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

असं का होतं ते समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी एका गाइडमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, वर-खाली होते, दांडी आणि गाइड यांच्यात फट अगदी केसाएवढी. तिथून झिरपणारं ऑइल तापलेल्या दांडीवर जळतं, त्यात पेट्रोलमधल्या शिशाची राख मिसळते आणि गाइडच्या आत, विशेषतः एक्झॉस्टकडच्या टोकाला, काळा टणक थर बसत जातो. इंजिन गार असताना सिलेंडरचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड आकसलेलं असतं आणि ते गाइडला आवळून धरतं, फट सगळ्यात कमी तेव्हाच असते. थर नसेल तर काही फरक पडत नाही, थर असेल तर दांडी तिथेच चिकटते आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. हेड तापलं, पसरलं, गाइड मोकळं झालं की दांडी सुटते आणि सिलेंडर जागा होतो.

आता दुसरं काही नाही ना हे कसं ओळखायचं, कारण मी स्वतः यात सहा आठवडे घालवले, आठही प्लग बदलले, मॅग्नेटोचं (प्लगला ठिणगी देणारं यंत्र, अशी दोन असतात आणि प्रत्येक सिलेंडरला दोन्हींचा एकेक प्लग) टायमिंग बघितलं, कार्ब्युरेटर उघडून फ्लोट बघितला. खरं तर एक साधी गोष्ट पुरेशी होती. इंजिन थडथडत असतानाच मॅग्नेटो स्विच आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला करून बघा. प्लग किंवा मॅग्नेटो खराब असेल तर एका बाजूला थडथड वाढते आणि दुसऱ्या बाजूला फरक पडत नाही. व्हॉल्व्ह अडकला असेल तर दोन्हीकडे थडथड सारखीच, कारण त्या सिलेंडरमध्ये दाबच तयार होत नाही, ठिणगी कुठूनही येऊ दे. इनटेक पाइपला हवेची गळती असेल तर आयडलला खडबडीत आणि पॉवर दिली की बरं वाटतं, पण ते गरम इंजिनावरही तसंच राहतं, आणि १००एलएल हे विमानाचं पेट्रोल वापरत असाल तर पाइपच्या जोडापाशी बहुतेक वेळा निळा डाग सापडतो, कारण त्या पेट्रोलला रंगच निळा दिलेला आहे. प्राइमर, म्हणजे स्टार्टला जास्तीचं पेट्रोल देणारा पंप, गळत असेल तर इंजिन रिच चालतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, मग मिक्श्चर थोडं ओढून पेट्रोल कमी केलं की सुधारतं. दोन मिनिटांत झटक्यात सुटणं हे मात्र व्हॉल्व्हचंच लक्षण, बाकीची दुखणी अशी एका क्षणात जात नाहीत.

कुठला सिलेंडर ते शोधायला चारही सिलेंडरचं एक्झॉस्ट तापमान दाखवणारा मॉनिटर असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. स्टार्ट केल्यावर तीन आकडे भराभर चढतात, एक खालीच पडून राहतो, आणि ज्या क्षणी थडथड थांबते त्याच क्षणी तो चौथा उसळी मारतो. मॉनिटर रेकॉर्डिंग करत असेल तर जुना डेटा काढून बघा, माझ्यात तर मी घ्यायच्या आधीच्या सात महिन्यांत अकरा वेळा हे झालेलं सापडलं, ते कार्ड तिथेच पॅनलमध्ये होतं आणि मी बघायला मागितलंच नव्हतं. मॉनिटर नसेल तर थडथड चालू असतानाच इंजिन बंद करा, मॅग्नेटो ऑफ, चावी खिशात, मग लांबून इन्फ्रारेड थर्मामीटर चारही एक्झॉस्ट पाइपांच्या मुळाशी धरा, गार असेल तो तुमचा. इंजिन चालू असताना कुणीही पुढे जायचं नाही, प्रॉपेलर दिसत नाही.

आणि हे नक्की झालं की उडायचं नाही. गरम झाल्यावर ठीक चालतंय ना, मग एक चक्कर मारून येऊ, असं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा, ढकलायचं काही थांबवत नाही, त्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारा पुशरॉड वाकतो, वाकलेला पुशरॉड त्याच्या नळीला भोक पाडू शकतो आणि मग तिथून ऑइल बाहेर. अशी इंजिनं बनवणाऱ्या लायकमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ३८८ याच विषयावर आहे, त्यात दांडी गाइडमध्ये किती हलते ते डायल गेजने मोजायची पद्धत दिली आहे, दर ४०० तासांनी किंवा व्हॉल्व्ह अडकतोय असा संशय आला तर त्याआधीच. फार हलली तर गाइड झिजलंय, अगदीच कमी हलली तर आत थर बसलाय. आणि सिलेंडर न काढता गाइड साफ करायची पद्धत सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १४२५ मध्ये आहे, तिलाच लोक दोरीची युक्ती म्हणतात.

ती युक्ती मी मेकॅनिकच्या शेजारी बसून केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्लग काढले, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचं झाकण काढलं, पिस्टन खाली नेला आणि प्लगच्या भोकातून मऊ नायलॉनची दोरी आत सारत गेलो, शेवटचं टोक बाहेर ठेवून. मग प्रॉपेलर हाताने सावकाश फिरवून पिस्टन वर आणला, दोरीचा गठ्ठा पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या मध्ये दबला आणि व्हॉल्व्हला खालून आधार मिळाला. रॉकर बाजूला केला, स्प्रिंग दाबून दांडीवरचे दोन छोटे लॉक चुंबकाने उचलले, स्प्रिंग बाहेर. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टोकावर एक छोटी टोपी असते ती आधीच काढून डबीत ठेवली, ही टोपी हरवते किंवा परत बसवायची राहते, दोन्ही वाईट. आता स्प्रिंग नसताना दांडी बोटांनी हलवून बघितली. मोकळी दांडी नुसत्या बोटाने सरकायला हवी, ही अर्ध्यापर्यंत आली आणि तिथे घट्ट. मेकॅनिकने माझं बोट तिथे ठेवून म्हटलं, हे बघ, हेच तुझे सहा आठवडे.

मग पिस्टन खाली, दोरी बाहेर, व्हॉल्व्ह आत सिलेंडरमध्ये ढकलला, आणि गाइडमधून बरोबर मापाचा रीमर, म्हणजे भोक खरवडून साफ करणारं खाचांचं हत्यार, हाताने फिरवला, त्याच्या खाचांत ग्रीस भरून, म्हणजे निघालेला कचरा ग्रीसला चिकटतो, आत पडत नाही. ग्रीस पुसलं तर त्यात काळे कण, डांबरासारखे दिसणारे पण नखाने दाबले तर काचेसारखे कडक. दांडीचं टोक प्लगच्या भोकातून बाहेर ओढून तीही साफ केली. खरा वेळ लागतो तो दांडी परत गाइडमध्ये घालायला, चुंबक आणि लांब चिमटा घेऊन, बोरस्कोपच्या, म्हणजे सिलेंडरच्या आत घालायच्या कॅमेऱ्याच्या, छोट्या स्क्रीनवर बघत, आम्हाला पाऊण तास लागला. पुशरॉड काचेवर लोळवून सरळ आहे ते बघितलं आणि सगळं परत बांधलं. हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका, आणि तुमच्या देशात हे कुणी करायचं आणि कुणी सही करायची ते आधी बघा, विमान बांधणाऱ्याला तपासणीची जी परवानगी असते ती विकत घेणाऱ्याकडे आपोआप येईलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट एकदम स्मूथ. पस्तीस तासांनी परत तेच, तोच सिलेंडर.

म्हणजे गाइड साफ करणं हा नुसता वरवरचा उपाय झाला, मूळ कारण तसंच राहिलं होतं. बहुतेक लोक इथेच फसतात, दर वर्षी रीमर फिरवतात आणि म्हणतात ही इंजिनं अशीच. थर बसायला ऑइल लागतं आणि जास्तीची उष्णता लागते, ऑइल चारही गाइडला मिळतं, मग एकच का? माझा अडकणारा सिलेंडर उजवीकडचा मागचा, तीन नंबर. मॉनिटर बघितला तर चढताना त्याच्या हेडचं तापमान २२२ डिग्री सेल्सियस आणि बाकीचे १८५ ते १९०. इंजिन बनवणाऱ्याची वरची मर्यादा २६० आहे, त्यामुळे लाल दिवा कधी लागलाच नाही आणि कुणी लक्षही दिलं नाही. पण लांबचं आयुष्य हवं असेल तर हेड २०० च्या आसपास किंवा खाली ठेवावं असं अनुभवी लोक सांगतात, आणि ते मला आता पटलंय.

किट विमानात हवा वळवणारे पत्रे, म्हणजे बॅफल, हे बांधणाऱ्याने स्वतः कापून बसवलेले असतात, एकासारखं दुसरं नसतं. काउलिंग काढून टॉर्च घेऊन बघितलं तर दोन गोष्टी. वरच्या रबराच्या पट्टीचा एक तुकडा उलटा दुमडलेला, म्हणजे थंड हवा सिलेंडरमधून खाली जायच्या ऐवजी मागून निसटत होती. आणि तीन नंबरच्या मागचा पत्रा हेडला अगदी चिकटून, त्या बाजूच्या फिन, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या पातळ पट्ट्या, खोल नसतात, त्यामुळे तिथून हवा जायला वाटच नाही. पत्रा आणि सिलेंडरच्या मध्ये वॉशर टाकून तीन-चार मिलिमीटरची फट केली, रबर बदललं, कोपऱ्यांतली भोकं उच्च तापमानाच्या सिलिकॉनने भरली. तीन नंबर १९६ वर आला. खर्च काहीच नाही, एक दुपार. परत रीमर फिरवला, त्याला आता १४० तास झाले.

सोबत सवयीही बदलल्या. १००एलएलच्या नावात लो लेड असलं तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं, आणि ते बाहेर टाकायला ज्वलन पुरेसं गरम लागतं. जमिनीवर फुल रिच मिक्श्चरवर दहा मिनिटं टॅक्सी करत राहिलं की सगळी राख आत राहते, म्हणून आता टॅक्सीला मिक्श्चर चांगलं ओढून ठेवतो, इतकं की चुकून थ्रॉटल पूर्ण दिला तर इंजिन अडखळेल, म्हणजे तसंच टेक-ऑफ करायचा प्रश्नच येत नाही. बंद करायच्या आधी पंधरा-वीस सेकंद १८०० आरपीएम, मग खाली आणून मिक्श्चरने बंद. ऑइल बदलायचं ते फिल्टर असेल तर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, आणि नुसती जाळी असेल तर २५ तासांनी. हे चार महिने लोक विसरतात, तासच झाले नाहीत तर ऑइल कशाला बदलू म्हणतात, पण उभ्या विमानातलं ऑइल जास्त खराब होतं, त्यात पाणी आणि आम्ल साठतं.

आता जे अजून घ्यायच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी. जाहिरातीतले एकूण तास बघू नका, लॉगबुक घेऊन बसा आणि तारखा वाचा. माझ्या ६१० तासांत सलग सहा वर्षं अशी होती की मिळून फक्त नऊ तास. विमान त्या सहा वर्षांत बहुतेक उभं होतं. या इंजिनांचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, उभं राहिलं की त्याच्यावरचं ऑइल निथळून जातं, आतल्या दमटपणाने गंज धरतो आणि मग सुरू केल्यावर कॅमवर टेकणाऱ्या टॅपेटचा पृष्ठभाग सोलायला लागतो. टॅपेट बघायचे तर निदान सिलेंडर काढावा लागतो आणि बदलायचे तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायची, २००० तासांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, तिच्या शेजारी १२ वर्षं पण लिहिलेलं असतं ते कुणी बोलत नाही. माझ्या मते दर महिन्याला दोनदा तासभर उडालेलं १४०० तासांचं इंजिन हे कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या ४०० तासांच्या इंजिनापेक्षा चांगलं, आणि मी आज घेतलं तर पहिलंच घेईन.

विकणारा म्हणाला की उडत नसलो तरी दर आठवड्याला दहा मिनिटं चालवून ठेवत होतो, तर ते ऐकून खूश होऊ नका. जमिनीवर दहा मिनिटांत ऑइल ८० डिग्रीच्या वर जाऊन टिकत नाही, ज्वलनातून आलेलं पाणी उडून जात नाही, उलट दर आठवड्याला ताजं पाणी आत टाकल्यासारखं होतं.

फोनवर आधीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, आदल्या दिवशीपासून गार हवं. पोचल्यावर पहिलं काम काउलिंगवर हात. मग तुमच्यासमोर पहिला स्टार्ट, फोनवर पॅनलचं व्हिडिओ शूटिंग चालू. उडून आल्यावर गरम इंजिनावर कम्प्रेशन, त्यात आकड्यापेक्षा आवाज कुठून येतो ते ऐका, एक्झॉस्ट पाइपातून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या तोंडातून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग. प्रॉपेलर धरणारा माणूस अनुभवी हवा, सिलेंडरमध्ये ८० पीएसआय दाब भरला की प्रॉपेलर फटका मारतो. मग बोरस्कोप. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावर गोलात गोल असे रंग दिसतात, मध्यापासून कडेपर्यंत सगळीकडे सारखे. एका कडेला चंद्रकोरीसारखा वेगळाच हिरवट डाग दिसला तर तिथून गरम वायू निसटतोय आणि तो व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर आहे, कम्प्रेशन कितीही छान येऊ दे.

ऑइल फिल्टर तुमच्यासमोर कापून घ्या. कागद उलगडून चुंबक फिरवा, चुंबकाला चिकटणारी चमकदार कुसळं निघाली तर कॅम किंवा टॅपेटचा संशय. ऑइल सोनेरी स्वच्छ असणं ही आता मला चांगली खूण वाटत नाही, विकायच्या आदल्या आठवड्यात बदललेलं ऑइल काहीच सांगत नाही, जुना फिल्टर ठेवलाय का विचारा. जमलं तर रॉकरची झाकणं काढून, प्लग काढलेले असताना प्रॉपेलर हाताने फिरवून, आठही व्हॉल्व्ह किती उघडतात ते मोजा, एखादा इतरांपेक्षा बराच कमी उघडला तर त्याचा कॅम झिजलाय.

ओव्हरहॉल असं लॉगबुकात लिहिलं असेल तर पुढे काय काय बदललं त्याची यादी आहे का बघा. किट विमानात इंजिन बऱ्याचदा दुसऱ्या विमानातून काढून आणलेलं असतं, त्याचं आधीचं लॉगबुक मागा, प्रॉपेलर कधी जमिनीला लागला होता का ते त्यातच कळेल.

इंजिन रोटॅक्स ९१२ असेल तर गोष्ट वेगळी, त्याची हेड पाण्यावर थंड होतात आणि हा व्हॉल्व्हचा त्रास सहसा येत नाही, तिथे पाच वर्षांनी सगळे रबरी होस बदलल्याची नोंद बघा, दोन कार्ब्युरेटर शेवटचे कधी बॅलन्स केले ते विचारा, आणि ऑइल बघायच्या आधी प्रॉपेलर त्याच्या सरळ दिशेनेच गुडगुड आवाज येईपर्यंत फिरवतात का ते बघा, न फिरवता डिपस्टिक दाखवली तर त्या मालकाला आपलं इंजिन माहीत नाही.

ज्यांचं आज सकाळीच थडथडलंय त्यांनी उद्या परत स्टार्ट करून बघायच्या आधी रॉकरचं झाकण काढा आणि त्या सिलेंडरचा पुशरॉड काचेवर लोळवून बघा. तो वाकलेला निघाला तर त्याच्या नळीला आतून घासल्याच्या खुणा आहेत का तेही बघा, आणि ऑइल गळत नसलं तरी ती नळी बदला.